छर्रा बदलला की नेम सुधारतो का? पाव मिलिमीटरची गोष्ट, पनवेल ते पॅरिस

पनवेल म्हटलं की लोकांना एक्स्प्रेस-वेवरचा ट्रॅफिक आठवतो, कोकणात जाणाऱ्या एसटी आठवतात आणि आता नवी मुंबईचा विमानतळ. कर्नाळा म्हटलं की अभयारण्य आणि किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका. नेमबाजी आठवणारे फारच थोडे. पण याच पनवेलमध्ये, कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत, सुमा शिरूर यांनी सुरू केलेला लक्ष्य शूटिंग क्लब आहे. शिरूर स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या फायनलपर्यंत गेल्या होत्या. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. टोकियो आणि पॅरिस अशा सलग दोन पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणारी अवनी लेखरा ही त्यांचीच शिष्या.

अशी नावं ऐकली की आसपासच्या पोरांना रायफल हातात घ्यावीशी वाटते. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत तसं घडतंयही. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत वर्ल्ड चॅम्पियन झाला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं. मग क्लबमध्ये नाव घातलं जातं, पहिल्या दोन-तीन महिन्यांत पोरगं ३०-४० शॉट्स बऱ्यापैकी मारायला लागतं आणि घरात एक प्रश्न येतो: छर्रे कोणते घ्यायचे? साधा डबा की तो महागडा जर्मन? क्लबमधला सीनियर एक सांगतो, यूट्यूब दुसरंच सांगतं, आणि दुकानदार अर्थातच महागडाच सांगतो.

प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण या खेळात पदक कशावर जातं हे पाहिलं की तो क्षुल्लक राहत नाही.

०.१ म्हणजे नेमकं किती?

२८ जुलै २०२४. पॅरिस ऑलिम्पिक, महिलांची १० मीटर एअर पिस्तूल फायनल. २२ शॉट्स झाल्यावर मनू भाकरचे गुण होते २२१.७ आणि कोरियाच्या किम येजीचे २२१.८. मनू तिथेच थांबली, ब्राँझ घेऊन. सिल्व्हर ०.१ ने गेलं.

एअर रायफलमध्ये तर प्रकरण अजून बारीक आहे. रायफलच्या लक्ष्यफलकावरचा मधला '१०' हा अर्धा मिलिमीटर व्यासाचा ठिपका असतो, म्हणजे पेनने टेकवलेल्या पूर्णविरामाएवढा. छर्रा स्वतः ४.५ मिलिमीटरचा. त्याची कड त्या ठिपक्याला शिवली तरी १० मिळतात. म्हणजे छऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. या अडीच मिलिमीटरचे पुन्हा दहा भाग पाडलेले असतात. सगळ्यात आतल्या भागात पडला तर १०.९, सगळ्यात बाहेरच्या भागात पडला तर १०.०. म्हणजे ०.१ गुण बरोबर पाव मिलिमीटर. पिस्तुलाचा फलक मोठा असतो, तिथे ०.१ गुणाला ०.८ मिलिमीटर पडतात.

आता हा पाव मिलिमीटर घेऊन जुने निकाल पुन्हा बघा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अभिनव बिंद्राचं पदक शूट-ऑफमध्ये गेलं. त्याने मारले १०.०, युक्रेनच्या सेरही कुलिशने १०.५. मध्यापासूनच्या अंतरात फरक साधारण सव्वा मिलिमीटरचा. पॅरिसच्या १० मीटर एअर रायफल पात्रता फेरीत रमिता जिंदलचे ६३१.५ गुण झाले, ती पाचवी आली आणि फायनलला गेली. एलावेनिल वलारिवनचे ६३०.७, ती दहावी आली आणि घरी गेली. दोघींमध्ये ०.८ गुणांचं अंतर. ६० शॉट्स मिळून एकूण दोन मिलिमीटर! पुरुषांमध्येही नेमकं तेच झालं. अर्जुन बाबुता ६३०.१ सह सातवा आणि फायनलमध्ये, संदीप सिंग ६२९.३ सह बारावा आणि बाहेर.

याहून गंमत हांगझू एशियन गेम्सची. सप्टेंबर २०२३ मध्ये रुद्रांक्ष पाटील, ऐश्वर्य तोमर आणि दिव्यांश पनवार यांनी सांघिक एअर रायफलमध्ये १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम केला. चीनचा आधीचा विक्रम होता १८९३.३. तिघांचे मिळून १८० शॉट्स, आणि विक्रम मोडला तो एकूण एका मिलिमीटरने.

एवढ्या बारीक खेळात रायफलमधून बाहेर पडणारी वस्तूच जर दरवेळी पाव मिलिमीटर इकडेतिकडे जात असेल तर? छऱ्यांच्या तुलनेचा सगळा खटाटोप इथून सुरू होतो.

आधी हे इतकं महत्त्वाचं नव्हतं

२००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत सुमा शिरूर यांनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले आणि विश्वविक्रमाशी बरोबरी केली. तेव्हा महिलांना ४० शॉट्स असत आणि पात्रता फेरीत दशांश मोजले जात नसत. १०.० पडला काय किंवा १०.९ पडला काय, पाटीवर १० च. त्या ४०० चा अर्थ असा की ४० च्या ४० छर्रे मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडले. कामगिरी अफाट होती. पण त्या नियमात छर्रा पाव-अर्धा मिलिमीटर भरकटला तरी बहुतेक वेळा गुण तोच राहायचा.

२०१३ पासून आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने एअर रायफलच्या पात्रता फेरीतही दशांश मोजायला सुरुवात केली. महिलांचे शॉट्सही २०१८ पासून ६० झाले. आता कमाल गुण ६०० नाहीत, ६५४. पूर्वी जे '१०' म्हणून एका खिशात जायचं त्याचे दहा खिसे झाले. त्याच दिवशी छऱ्याचा डबाही स्पर्धेत उतरला, असं म्हणायला हरकत नाही. रायफल बदलली नाही, माणूस बदलला नाही, मोजपट्टी बारीक झाली.

छऱ्यांवरच्या जुन्या अनुभवी सल्ल्यांकडे म्हणूनच जरा सांभाळून पाहावं लागतं. "आमच्या वेळी कुठलाही डबा चालायचा" हे वाक्य खोटं नाही. त्यांच्या वेळी खरंच चालायचा.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

एक गोंधळ आधीच मिटवायला हवा. इंटरनेटवर एअरसॉफ्ट आणि एअर रायफल यांची सर्रास सरमिसळ होते. एअरसॉफ्ट हा लुटुपुटूच्या लढाईचा खेळ. त्यात ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोल गोळ्या असतात, ०.२० किंवा ०.२५ ग्रॅमच्या, आणि नळीतून निघताना त्यांना उलटी फिरकी दिली जाते म्हणून त्या जास्त वेळ हवेत टिकतात. तिथे जड आणि गुळगुळीत गोळी साधारणपणे सरळ जाते, संपला विषय. ऑलिम्पिकचा छर्रा वेगळा. तो शिशाचा, ४.५ मिलिमीटरचा, कमरेत बारीक आणि मागून पोकळ, थोडाफार डमरूसारखा. त्याचं तोंड सपाट असतं, त्यामुळे कागदावर गोल, स्वच्छ भोक पडतं. मागची पोकळ झालर हवेच्या दाबाने फुगते, नळीच्या आतल्या चरांना घट्ट बसते आणि छर्रा गरगर फिरत बाहेर पडतो.

मॅच-ग्रेड डब्यावर दोन आकडे दिसतात. एक वजन: रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅम, पिस्तुलासाठी त्याहून हलका, ०.४५ ग्रॅमच्या आसपास. दुसरा आकडा म्हणजे डोक्याचा व्यास: ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१. हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे, माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. पण प्रत्येक रायफलची नळी आतून किंचित वेगळी असते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना दोन वेगळे व्यास मानवू शकतात. म्हणून 'सर्वात अचूक छर्रा कोणता?' या प्रश्नाला उत्तरच नाही. 'या नळीतून सर्वात अचूक कोणता?' याला आहे.

तिसरा आकडा बारीक अक्षरात, बहुतेक जण न वाचता डबा फोडतात तो: लॉट नंबर. छर्रे शिशाच्या तारेचे तुकडे साच्यात दाबून बनवतात. साचा झिजतो, बदलला जातो, शिशाची नवी खेप येते. त्यामुळे ब्रँड तोच, व्यास तोच, तरी मार्चमधला लॉट आणि सप्टेंबरमधला लॉट एकसारखे वागतीलच असं नाही. वरच्या पातळीवरचे नेमबाज ब्रँड निवडत नाहीत, लॉट निवडतात. जर्मनीतल्या आरडब्ल्यूएस किंवा एचअँडएनसारख्या, चेक प्रजासत्ताकातल्या जेएसबीसारख्या कंपन्यांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलवर तपासून घ्यायचे आणि जो जुळला त्याचा हजारोंनी साठा करायचा, ही तिकडची रीत.

वजनाचं वेड मात्र थोडं जास्तच पसरलंय. घरी काटा आणून छर्रे एकेक करून मोजणारेही आहेत. हिशेब करून बघू. एअर रायफलचा छर्रा साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने जातो. १० मीटरला लागतो सेकंदाचा सुमारे सतरावा भाग, आणि तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाने अंदाजे १.७ सेंटिमीटर खाली येतो. ही घसरण दरवेळी सारखी असेल तर साइट जुळवून ती खिशात घालता येते. वेगात १ मीटरचा फरक पडला तर छर्रा साधारण ०.२ मिलिमीटर वर किंवा खाली लागतो. छर्रा एक टक्का जड असेल, म्हणजे ५ मिलिग्रॅमने, तर फरक ०.१७ मिलिमीटरच्या आसपास. एक दशांशही नाही. आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या काट्याची अचूकता १० मिलिग्रॅमची असेल, तर त्यावर हे ५ मिलिग्रॅम दिसणारसुद्धा नाहीत. तेवढ्या वेळात झालर चेपलेले छर्रे डोळ्याने बघून बाजूला काढले तर जास्त फायदा होईल.

पाच शॉट्सची फसवणूक

छऱ्यांची तुलना करायची पद्धत कागदावर सोपी आहे. रायफल शिकंजात घट्ट आवळायची म्हणजे माणसाच्या हाताचा संबंध उरत नाही. १० मीटरवर एकाच जागी छर्रे मारायचे आणि ते किती पसरले ते मोजायचं. नेमबाज याला 'ग्रुप' म्हणतात. ग्रुप जितका लहान तितका छर्रा त्या नळीला मानवला. नव्या मॅच रायफलबरोबर कंपनी असाच एक टेस्ट टार्गेट देते. त्यावर पाच छऱ्यांचं मिळून एकच भोक दिसतं आणि बघणारा खूश होतो.

खरी गडबड पुढे आहे. क्लबमध्ये किंवा व्हिडिओत तुलना होते ती बहुतेक वेळा अशी: चार डबे, प्रत्येकी पाच शॉट्स, ज्याचा ग्रुप लहान तो जिंकला. पाच शॉट्सचा ग्रुप हा फार लहरी असतो. एकाच डब्यातून, एकाच रायफलमधून पाच-पाचचे दहा ग्रुप मारले तर सगळ्यात मोठा ग्रुप सगळ्यात लहान ग्रुपच्या दुप्पट निघणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. छर्रे तेच, नळी तीच, फक्त नशीब वेगळं. म्हणजे चारही डब्यांत एकच माल भरून तुलना केली असती तरी एक डबा 'जिंकला'च असता. आणि त्याच्यावर पुढचे सहा महिने पैसे गेले असते.

दोन डब्यांत २० टक्क्यांचा फरक असेल तर तो भरवशाने ओळखायला प्रत्येकी किमान ५० छर्रे मारावे लागतात, आणि दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर मोजण्याऐवजी सगळ्या छऱ्यांचं मध्यापासूनचं सरासरी अंतर धरावं लागतं. टोकाचं अंतर दोनच छर्रे ठरवतात, बाकीचे तिघे उगाच मारल्यासारखे. ५० छर्रे म्हणजे ५०० च्या डब्याचा दहावा हिस्सा. चार डबे तपासायचे तर दोनशे शॉट्स. कंटाळवाणं काम आहे, व्हिडिओला व्ह्यूज येणार नाहीत.

आणखी एक सवय घातक: लांब पडलेला शॉट 'हा मोजायचा नाही' म्हणून सोडून देणं. स्वस्त आणि महाग छऱ्यांमधला फरक बऱ्याचदा नेमका तिथेच असतो. स्वस्त डब्यातले बहुतेक छर्रे नीट जातात, मध्येच एखादा चेपलेल्या झालरीचा भरकटतो. सरासरी १०.५ मारणाऱ्या नेमबाजाचा एकच शॉट अशाने ८.९ ला गेला तर १.६ गुण गेले. रमिता आणि एलावेनिल यांच्यातल्या फरकाच्या दुप्पट. तो एक शॉट वगळून केलेली तुलना म्हणजे परीक्षेत नापास झालेला विषय सोडून टक्केवारी काढणं.

शिकंजाशिवाय, हाताने मारून केलेल्या तुलनेबद्दल बोलायलाच नको. त्यात छऱ्यापेक्षा माणूसच जास्त मोजला जातो. त्यातून नवा डबा हातात आल्याच्या उत्साहात पोरगं जरा मन लावून मारतं, ते वेगळंच.

मग फायदा कोणाला?

इथे थोडं गणित लागेल, दहावीचं. माणसाच्या हाताची चूक आणि छऱ्याची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. त्या पायथागोरसच्या त्रिकोणासारख्या मिळतात: दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज, मग वर्गमूळ. याचा परिणाम असा की मोठी चूक लहान चुकीला गिळून टाकते.

समजा, एक नेमबाज ६३० च्या आसपास मारतो. म्हणजे त्याचे छर्रे मध्यापासून सरासरी १.२ मिलिमीटरवर पडतात. त्याच्या चांगल्या लॉटचा स्वतःचा पसारा ०.४ मिलिमीटर धरू. तो लॉट संपला आणि ०.६ चा आला. हिशेब केला तर सरासरी १.२ वरून १.२८ वर जाते आणि ६० शॉट्समध्ये त्याचे साधारण दोन गुण जातात. पॅरिसमध्ये पाचवं आणि दहावं स्थान यांत ०.८ चं अंतर होतं हे आठवा. या माणसासाठी लॉट बदलणं म्हणजे फायनल आणि परतीचं तिकीट यातला फरक.

आता दुसरा नेमबाज, सहा महिने झालेला, ५७० च्या आसपास मारणारा. त्याचे छर्रे सरासरी पावणेचार मिलिमीटरवर पडतात. तोच चांगला लॉट, तोच वाईट लॉट. त्याचं नुकसान ६० शॉट्समध्ये जेमतेम ०.६ गुण. त्याची स्वतःची कामगिरी एका सामन्यातून दुसऱ्या सामन्यात त्याच्या कितीतरी पट वर-खाली होते. पोटात काय गेलंय, रात्री झोप किती झाली, शाळेत ओरडा बसला का, यातली कुठलीही गोष्ट छऱ्यापेक्षा भारी पडते. पिस्तूलवाल्याला तर आणखी कमी, कारण तिथला दशांश तिपटीहून मोठा.

हिशेब ढोबळ आहे, पसाऱ्याचे आकडे मानलेले आहेत. पण ते थोडे बदलले तरी चित्र बदलत नाही. महागड्या छऱ्याचा फायदा वरच्या मोजक्या नेमबाजांना होतो आणि तो त्यांना खरंच होतो. नव्या पोराच्या हातात तोच डबा दिला तर पैसे जातात आणि गुण तिथेच राहतात. आणि पैसे थोडे नसतात. रोज १०० शॉट्स म्हटले तर ५०० चा डबा पाच दिवसांत संपतो, महिन्याला सहा डबे. त्या फरकाच्या रकमेत जादा सराव होतो, चांगलं जॅकेट येतं, स्पर्धेला जायचं भाडं निघतं. सुरुवातीला गरज आहे ती एकाच प्रकारचा, चेपलेला नसलेला छर्रा सातत्याने वापरण्याची. दर महिन्याला ब्रँड बदलणारं पोर दर महिन्याला साइटच जुळवत बसतं.

६१५ आणि ६३० च्या मधली दरी

अडचण या दोघांच्या मधल्या पोराची आहे. पोरगं ६१०-६१५ ला पोहोचतं. राज्य पातळीवर नाव येतं, राष्ट्रीय स्पर्धेचं दार दिसायला लागतं. आता छऱ्याचा फरक खरोखर गुणांत दिसू लागतो. नेमकी इथे मदत कमी असते. ऑलिम्पिकच्या यादीतल्या खेळाडूंना केंद्र सरकारच्या टॉप्स योजनेतून उपकरणं आणि परदेशातल्या तयारीसाठी निधी मिळतो, त्यांच्यामागे महासंघ असतो. या पोराच्या मागे असतात आई-वडील आणि क्लबचा कोच.

मॅच-ग्रेड छर्रे मोठ्या प्रमाणात बाहेरून येतात. युरोची किंमत, कर, आयातदाराचा साठा, सगळं त्यात आलं. एका लॉटचे दोन डबे मिळाले म्हणून तिसरा मिळेलच असं नाही. म्हणजे मेहनत करून ५०-५० शॉट्सची चाचणी घ्यायची, जुळणारा लॉट सापडायचा आणि पुढच्या महिन्यात दुकानात तो नसायचा. मग ती चाचणी पाण्यात.

यात दोष नेमका कोणाचा हे सांगणं अवघड आहे. पण ६३० वाल्यांच्या स्पर्धेत प्रवेश मिळवायचा असेल तर ६१५ ला असतानाच ६३० वाल्यांची साधनं लागतात, आणि ती मिळतात ६३० झाल्यावर. निवड चाचण्याही दशांशावरच ठरतात. रुद्रांक्ष पाटीलचंच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये भारताला या प्रकारातला ऑलिम्पिक कोटा त्याने मिळवून दिला, पण चाचण्यांनंतर पॅरिसला गेले बाबुता आणि संदीप सिंग. त्याचा छऱ्यांशी संबंध जोडायचं कारण नाही. पण वर्ल्ड चॅम्पियनलाही जिथे दशांश सोडत नाहीत, तिथे लॉटचा जुगार खेळत आलेल्या नवख्याचं काय?

एक मार्ग क्लबच्याच हातात आहे. एकट्याने चार लॉट तपासणं परवडत नाही, दहा जणांनी मिळून परवडतं. क्लबमध्ये एक पक्का शिकंजा, वेगवेगळ्या लॉटचे काही डबे, प्रत्येक रायफलमागे एक दुपार. निकाल वहीत. कोणत्या नळीला कोणता व्यास मानवतो एवढं जरी कळलं तरी निम्मं काम झालं, कारण नळी बदलत नाही. मग जो लॉट सर्वांत जास्त रायफलींना चालतो तो एकत्र मागवायचा, वर्षभराचा. आयातदारालाही दहा डब्यांपेक्षा शंभर डब्यांच्या ऑर्डरीत रस असतो.

साठा केला की तो सांभाळावाही लागतो, आणि पनवेलसारख्या ठिकाणी हे जास्त लागू. पावसाळ्यात चार महिने हवा ओली. शिसं दमट हवेत उघडं राहिलं की हळूहळू त्यावर पांढरट भुकटी धरते. ती भुकटी नळीसाठी वाईट आणि माणसासाठी त्याहून वाईट. घट्ट झाकणाचा डबा, कोरडी जागा आणि डबा खिशात खुळखुळवत न नेणं, एवढं पुरतं. महागडे छर्रे खाच्यांच्या ट्रेमध्ये एकेक करून का ठेवलेले असतात त्याचं कारणही हेच की शिसं मऊ असतं आणि आपटून झालर चेपते.

शिशावरून आणखी एक. छर्रा बोटांनीच भरला जातो, दिवसाला शंभरदा. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरतं, त्यामुळे रेंजवरून बाहेर पडताना साबणाने हात धुतल्याशिवाय वडापाव नाही, हा नियम ब्रँडच्या चर्चेआधी यायला हवा. शिशाऐवजी कथिलाचे छर्रे निघाले आहेत. पण कथिल शिशापेक्षा बरंच हलकं, त्यामुळे त्याच मापाचा छर्रा वजनाला कमी भरतो आणि वेगळ्या वेगाने जातो. साइट नव्याने जुळवावी लागते आणि कोणता लॉट कोणत्या नळीला मानवतो हा शोधही पहिल्यापासून. शिकंजा, ५० छर्रे, वही.